पिशवीत मावतील एवढ्याच लेन्स

डिजिटल कॅमेरा घेतलेला माणूस पहिला महिनाभर फोटो काढतो आणि दुसऱ्या महिन्यापासून लेन्सची चौकशी करू लागतो. ही चौकशी एकदा सुरू झाली की तिला अंत नसतो. कोण सांगतो अठरा ते दोनशेची एकच लेन्स घे, सगळं त्यात आलं. कोण सांगतो पन्नासची घेतल्याशिवाय फोटोग्राफी कळत नाही. तिसरा एखादा आपली आठ लेन्सची पेटी उघडून दाखवतो आणि आपण घरी येऊन खिसा चाचपतो.

गोव्यातली देवळं, जुनी घरं आणि त्यांच्या भिंती यांचे फोटो काढून ठेवणारे आता बरेच जण झाले आहेत. मीही त्यातलाच एक. त्यामुळे "नेमक्या कुठल्या लेन्स घेऊ?" हा प्रश्न माझ्यापर्यंतही येतो. याचं उत्तर दुकानदारापेक्षा इतिहास चांगलं देतो, असं माझं मत आहे. कारण प्रत्येक लेन्स कोणाच्या तरी खऱ्याखुऱ्या अडचणीतून जन्माला आली आहे. ती अडचण आपली आहे का, एवढंच आपण बघायचं.

आधी आपल्या अडचणीबद्दल. आमच्याकडे काविकला म्हणून एक प्रकार आहे. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा, म्हणजे कावेचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच कोरून, खरवडून आतला पांढरा रंग वर काढायचा. वेलबुट्ट्या, देवदेवता, द्वारपाल, सगळं तांबड्या-पांढऱ्यात. गोवा, कोकण आणि कारवारच्या पट्ट्यात ही कला नांदली. आता देवळाचा जीर्णोद्धार निघाला की भिंतीवर पहिल्यांदा टाइल्स किंवा ऑइलपेंट येतो. लोकांच्या श्रद्धेत खोट नाही, पण भिंत जाते ती जाते. अशा भिंतीचा फोटो उद्या हौसेची वस्तू राहत नाही, ती एक साक्ष होते. साक्षीदाराने खोटं बोलू नये, आणि लेन्स खोटं बोलू शकते. म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

लेन्सवरचा आकडा, म्हणजे फोकल लेंग्थ, आपण "किती जवळ दिसतं" याचं माप समजतो. खरं तर तो आकडा सांगतो की समोरच्या जगाचा केवढा तुकडा चौकटीत येईल. खांबामागचा खांब किती लहान दिसायचा, गाभारा किती लांब वाटायचा, हे मात्र आकडा ठरवत नाही. ते आपण कुठे उभे आहोत यावर ठरतं. रुंद लेन्स लावली की आपण आपोआप पुढे सरकतो, आणि पुढे सरकल्यामुळे बारका सभामंडप फोटोत राजवाड्याच्या दिवाणखान्यासारखा पसरतो. लांब पल्ल्याची लावली की मागे सरकतो, आणि दीपस्तंभ व देऊळ एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. म्हणजे लेन्स निवडणं हे उभं राहण्याची जागा निवडणं असतं. जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरच्या शोधाची जाहीर घोषणा झाली, तेव्हाच्या लेन्समधून प्रकाश इतका कमी येई की कॅमेऱ्यासमोरच्या माणसाला कित्येक मिनिटं निश्चल बसावं लागे. इमारती बसत, माणसं बसत नसत. ही अडचण व्हिएन्नाच्या जोसेफ पेट्झवाल या गणिताच्या प्राध्यापकाने सोडवली. १८४० मध्ये त्याने आकडेमोड करून एक लेन्स आखली. आकडेमोडीसाठी त्याला ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातली गणित जाणणारी माणसं मदतीला मिळाली होती, असं सांगितलं जातं. फोइख्टलेंडर या कारखान्याने ती बनवली. आधीच्यापेक्षा दहापटीहून जास्त प्रकाश ती आत घेई. तिच्यात मधला भाग लख्ख आणि कडा मऊ येत, पण चेहऱ्याला तेवढं पुरे. त्याच गणितातून पेट्झवालने देखाव्यांसाठी दुसरी लेन्सही आखली होती. म्हणजे जगातल्या पहिल्या "संचात" दोनच लेन्स होत्या: एक माणसासाठी, एक जागेसाठी. आजही माझ्या मते विभागणी हीच आहे, बाकीचा सगळा विस्तार.

हे तंत्र आपल्याकडे यायला फार वेळ लागला नाही. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्यात होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. भाऊ दाजी मूळचे आमच्या पेडण्यातल्या मांद्र्याचे, हे गोव्याबाहेर फारसं कोणी लक्षात ठेवत नाही. शिलालेख वाचणारा, नाणी जमवणारा एक भाऊ आणि छायाचित्रं काढणारा दुसरा, दोघेही डॉक्टर. जुनं टिपून ठेवायची आस्था आणि कॅमेरा यांची सोयरीक आपल्याकडे इतकी जुनी आहे.

पेट्झवालची लेन्स चेहऱ्याला चांगली, पण देवळाला नाही. त्या काळच्या साध्या देखाव्याच्या लेन्समध्येही चौकटीच्या कडेचे खांब धनुष्यासारखे वाकत. वास्तू टिपणाऱ्याला हे परवडणारं नव्हतं. १८६६ मध्ये लंडनच्या डॉलमायरने आणि म्युनिकच्या श्टाइनहाइलने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, यावर एकच तोड काढली. मध्ये प्रकाशाचं छिद्र आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अगदी सारखी दोन जोडभिंगं. एका जोडीने केलेला वाक दुसरी जोडी उलटा करून टाकते, आणि सरळ रेघ सरळ राहते. डॉलमायरने आपल्या लेन्सच्या नावातच हा गुण घातला: रॅपिड रेक्टिलिनिअर. पुढे कित्येक दशकं ही बांधणी चालली.

त्याच १८६६ साली रुडकीच्या कॉलेजातून शिकून बाहेर पडलेला एक तरुण इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागला. हेच पुढचे राजा दीनदयाळ. होळकरांच्या इंदुरात, तुकोजीराव महाराजांच्या आश्रयाने, त्यांनी १८७० च्या दशकात कॅमेरा हाती घेतला. मध्य भारतातल्या वास्तूंची त्यांची छायाचित्रं लेपेल ग्रिफिनच्या १८८६ च्या ग्रंथात आली. पुढे ते हैदराबादच्या सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले, सिकंदराबादला आणि मग १८९६ मध्ये मुंबईला त्यांचा स्टुडिओ निघाला. त्यांच्या अडीच हजारांहून जास्त काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत.

दीनदयाळांच्या वास्तुचित्रांकडे नीट बघा. खांब उभा तो उभाच, पायरी आडवी ती आडवीच. हा नकाशे काढणाऱ्याचा हात आहे. आधी आराखडे आणि अंदाजपत्रकं करत असलेल्या माणसाला वाकडी रेघ खपतच नसावी. तिपाई, मोठा लाकडी कॅमेरा, काचेच्या प्लेटी, एवढं सामान बैलगाडीतून नेणाऱ्याला लेन्सची पेटी भरून न्यायची हौस कुठून परवडणार? नेमकी जागा शोधणं हेच त्याच्या हातातलं मुख्य हत्यार होतं. शंभर-सव्वाशे वर्षांनी ती चित्रं अभ्यासाला उपयोगी पडतात याचं कारण त्यांचं सौंदर्य एवढंच नाही, त्यांच्यावर विश्वास ठेवता येतो हेही आहे.

आता पन्नासकडे येऊ. जर्मनीत वेट्सलार गावी लाइट्झ या सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचा कारागीर होता. सिनेमाची फीत वापरून खिशात मावणारा कॅमेरा करायचं त्याच्या मनात होतं. सिनेमाची चौकट १८ बाय २४ मिलिमीटर. त्याने ती दुप्पट केली, २४ बाय ३६. त्यावर माक्स बेरेकने ५० मिलिमीटरची लेन्स आखली. १९२५ च्या वसंतात लाइप्झिशच्या जत्रेत हा लायका लोकांसमोर आला. गंमत म्हणजे २४ बाय ३६ चा कर्ण भरतो ४३ मिलिमीटर, आणि नियमाने "स्वाभाविक" लेन्स कर्णाएवढी धरतात. पन्नास हा आकडा तेव्हापासून चालत आला आणि आपण तो वेदवाक्य मानला.

१९३० मध्ये लायकावर लेन्स बदलता येऊ लागली. पन्नासच्या जोडीला ३५ आणि १३५ आल्या, आणि पुढच्याच वर्षी ९०. १९५४ च्या एम ३ या कॅमेऱ्याच्या खिडकीत ५०, ९० आणि १३५ अशा तीन चौकटी आखलेल्या होत्या. चार वर्षांतच आलेल्या एम २ मध्ये ३५, ५० आणि ९०. खिडकीत तीन चौकटी म्हणजे पिशवीत तीन लेन्स. बातमीदार छायाचित्रकारांच्या एका पिढीचा संच असा कॅमेऱ्याच्या खिडकीनेच ठरवून टाकला. आंरी कार्तिए-ब्रेसाँने तर त्यातही मोठा भार पन्नासवरच टाकला. १९४७-४८ मध्ये तो भारतात होता, गांधीजींच्या अंत्ययात्रेची त्याची छायाचित्रं जगभर गेली.

आपल्या होमाई व्यारावाला आणखी काटकसरी. नवसारीला १९१३ मध्ये जन्मलेल्या या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. १९७० मध्ये काम थांबवल्यावर आयुष्याचा उत्तरार्ध त्यांनी बडोद्यात काढला आणि २०१२ मध्ये तिथेच गेल्या. स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स हे त्यांचे कॅमेरे. रोलायफ्लेक्सची लेन्स निघतच नाही. पोटाशी धरायचा, वरून काचेत बघायचं, आणि जवळ हवं असेल तर पाय उचलायचे. स्वातंत्र्याचे पहिले दिवस, माउंटबॅटन, नेहरू, गांधीजी यांची जी रूपं आज आपल्या डोळ्यांसमोर आहेत त्यातली किती तरी अशा एका न बदलणाऱ्या लेन्समधून आलेली आहेत. "माझ्याकडे अमुक लेन्स नाही म्हणून अडलं" असं म्हणण्याआधी हे आठवावं.

मग हा सगळा पसारा आला कुठून? १९५९ हे वर्ष त्या दृष्टीने मोठं. त्या वर्षी निकॉन एफ आला, ज्यात लेन्समधूनच थेट बघता येई आणि कुठल्याही आकड्याची लेन्स लावता येई. खिडकीतल्या तीन चौकटींचं बंधन गेलं. त्याच वर्षी ३६ ते ८२ ची झूमारही आली, साध्या कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम. सुरुवातीच्या झूम जड होत्या आणि चित्र यथातथाच देत. पुढे संगणकाने आकडेमोड सोपी केली आणि झूम घरोघर पोचली. आज कॅमेऱ्याबरोबर पुड्यात मिळणारी १८-५५ हे तिचंच नातवंड. या लेन्सला नाकं मुरडायचं कारण नाही. उजेडात ती उत्तम काम करते. पण लांबच्या टोकाला ती एफ/५.६ एवढीच उघडते. एफ/१.८ ची साधी लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. समयांच्या उजेडातल्या गाभाऱ्याबाहेर, किंवा मध्यरात्रीनंतर रंगात आलेल्या दशावतारात, हा दहापटीचा हिशेब कळतो.

डिजिटलने आणखी एक गोंधळ घातला. १९९९ चा निकॉन डी १ आणि २००३ पासून सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागलेले कॅमेरे, यांतला प्रकाश टिपणारा सेन्सर फिल्मपेक्षा लहान होता, साधारण १६ बाय २४. म्हणजे बार्नाकने दुप्पट केलेली सिनेमाची चौकट जवळपास परत पहिल्या मापावर आली! त्यावर पन्नासची लेन्स लावली की ती ७५ सारखी वागते. वडिलांच्या कॅमेऱ्यावर आख्खं अंगण मावत होतं आणि त्याच आकड्यात आपल्याला फक्त तुळशीवृंदावन मिळतं, ते यामुळे. अशा कॅमेऱ्यावर जुन्या पन्नासची जागा ३५ घेते, २८ ची १८ घेते आणि ९० ची ६० घेते. पूर्ण मापाचा सेन्सर असेल तर जुने आकडे जसेच्या तसे चालतात. सल्ला देणाऱ्याला आधी "कुठल्या सेन्सरवर?" असं विचारावं, मग आकडा ऐकावा.

साठच्या जागी मी मॅक्रो लेन्स सांगतो, तिचीही कथा ऐकण्याजोगी आहे. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर कागदपत्रांची मायक्रोफिल्म करायचं काम वाढलं. रोमन अक्षरांना पुरणाऱ्या लेन्स जपानी चित्रलिपीच्या बारीक रेघांना पुरेनात. पानं वाचता येईनात. त्यातून १९५६ मध्ये मायक्रो-निक्कोर ही लेन्स आली, जवळून आणि कडेपर्यंत सारखं स्वच्छ टिपणारी. दुसऱ्यांच्या लिपीसाठी केलेली हत्यारं आपल्या लिपीला पुरली नाहीत म्हणून त्यांनी स्वतःचं हत्यार घडवलं! आमच्याकडे पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीजबरोबर मोडीचेही कागद आहेत. घराघरांतल्या पेट्यांमध्ये बाडं आहेत, ती वाळवी आणि ओल खाते आहे. मोडीतला एक फाटा पुसट आला तर गावाचं नाव बदलतं. अशा पानासाठी, आणि काविकलेच्या भिंतीसाठीही, सपाट वस्तू सपाट टिपणारी ही लेन्स मला सगळ्यात मोलाची वाटते.

तेव्हा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी माझा संच असा. जागेसाठी १८ च्या आसपासची, माणसांसाठी आणि रोजच्या वापरासाठी ३५ एफ/१.८, कागद, भिंत आणि कोरीवकामासाठी ६० मॅक्रो. जागेची गरज पुड्यातल्या १८-५५ ने भागत असेल तर सुरुवातीला वेगळी घेऊच नका. कडेला खांब थोडे फुगतील, पण आजचे कॅमेरे आणि संगणकावरची सॉफ्टवेअर तो वाक काढून टाकतात. डॉलमायरने काचेने केलं ते आता गणित करतं. पैसे एकदम जमत नसतील तर क्रम असा: आधी ३५, मग मॅक्रो.

याहून रुंद, दहा-बारा मिलिमीटरची लेन्स मी साक्षीच्या कामासाठी टाळतो. तंबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ लहान आहे, दगडात घट्ट बसलेलं. ते लहान आहे हेच त्याचं रूप. कोपऱ्यात पाठ टेकून अतिरुंद लेन्सने त्याला ऐसपैस करून टाकलं तर फोटोला वाहवा मिळेल, देवळावर अन्याय होईल. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ जवळून कॅमेरा वर करून टिपला की मागे कलंडतो. कॅमेरा सरळ धरून लांब जाऊन टिपला की उभा राहतो. दोनशे-तीनशेची लांब लेन्स पक्ष्यांना हवी, जत्रेत कधी कधी उपयोगी पडते, पण ती उसनी मागता येते.

दोन व्यावहारिक गोष्टी. लेन्स कॅमेऱ्यापेक्षा जास्त टिकते, म्हणून ती कुठल्या खाचेची आहे ते बघून घ्यावी. कॅननने १९८७ मध्ये जुनी खाच सोडून नवी आणली आणि जुन्या लेन्सवाल्यांची पंचाईत झाली. निकॉनने १९५९ ची खाच दीर्घकाळ सांभाळली. २०१८ मध्ये दोघांनीही बिनआरशाच्या कॅमेऱ्यांसाठी नव्या खाचा काढल्या. या कॅमेऱ्यांचं एक बरं आहे, आरसा नसल्याने सेन्सर खाचेच्या जवळ असतो आणि मधे एक कडं घालून बऱ्याच जुन्या लेन्स बसवता येतात. आजोबांच्या कपाटातली भिंगं पुन्हा उजेडात येऊ शकतात, फोकस हाताने करायची तयारी हवी.

दुसरी गोष्ट आमच्या पावसाची. जून ते सप्टेंबर गोव्याच्या हवेत जे पाणी असतं त्यात लेन्सच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि काचेवरचा लेप खाऊन टाकते. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल, आणि तिचा रंग बदलला की ती पुन्हा वाळवणं, हे चार महिने करावंच लागतं. तीन लेन्स एका डब्यात मावतात. आठ लेन्स मावत नाहीत, आणि ज्या कपाटात राहतात त्यांवर बुरशीचा पहिला हक्क. छोट्या संचाच्या बाजूने गोव्यात याहून मोठा युक्तिवाद मला माहीत नाही.

शेवटी एक विनंती. डिजिटल कॅमेरा प्रत्येक फोटोबरोबर लेन्सचा आकडा आणि वेळ आपोआप नोंदवतो. आपण कुठे उभे होतो, भिंतीपासून किती पावलांवर, दार कुठल्या दिशेला होतं, हे तो नोंदवत नाही. ते वहीत लिहून ठेवा. जमल्यास फोटोत एखादी मोजपट्टी किंवा रुपयाचं नाणं राहू द्या. उद्या त्या भिंतीवर टाइल्स बसल्यावर कोणी अभ्यासू तुमचा फोटो पुढे घेऊन बसेल, तेव्हा लेन्स कुठल्या कंपनीची होती हे तो विचारणार नाही. हे द्वारपालाचं चित्र खरोखर केवढं होतं, एवढंच तो विचारेल.